रायफल घ्यावी का? आपल्या इतिहासाला विचारलेला एक प्रश्न



रविवारी वंदना झाल्यावर घाटकोपरच्या आमच्या विहारात अभ्यासवर्ग चालतो. मागच्या महिन्यात वर्ग संपल्यावर बी.कॉम.ला असलेल्या एका मुलाने मोबाइल पुढे केला. पडद्यावर एक अर्धस्वयंचलित स्पोर्टिंग रायफल होती आणि एक परदेशी माणूस तिचे गुण सांगत होता. किंमत मध्यम, धक्का कमी, सरावाला उत्तम, वेळ आली तर घराचे रक्षणही करते. मुलगा म्हणाला, "दादा, आपल्याकडे अशी एक असायला हवी ना?"

बाकीची मुले हसली, पण तो हसला नाही. त्याच्या मामाचे कुटुंब मराठवाड्यातल्या एका गावात राहते. तिथे जयंतीच्या मिरवणुकीवरून भांडण झाले आणि मामाला घरात शिरून मारले. ज्यांनी मारले त्यांच्या घरी परवान्याची बारा बोअर आहे. मामाच्या घरी विळा आहे. पोलीस आले ते दुसऱ्या दिवशी.

त्या मुलाला "हिंसा वाईट असते" एवढे सांगून आम्ही घरी पाठवू शकलो असतो. पण ते उत्तर प्रामाणिक नव्हते. शस्त्राचा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. दोनशे वर्षे आपण तो वेगवेगळ्या रूपांत विचारत आलो आहोत. म्हणून उत्तर इतिहासातूनच द्यायचे ठरवले.

आधी वस्तू समजून घेऊ

अर्धस्वयंचलित म्हणजे एकदा घोडा दाबला की एक गोळी सुटते आणि पुढची गोळी बंदूक स्वतःच नळीत भरते. प्रत्येक गोळीसाठी बोल्ट मागेपुढे करावा लागत नाही. १९६० च्या दशकात आपल्या लष्करात आलेली आणि पुढे पोलिसांपर्यंत पोचलेली एस.एल.आर., म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल, याच जातीची. अमेरिकेत अशी रायफल दुकानात मिळते. भारतात तशी मिळत नाही. शस्त्र नियम २०१६ मध्ये शस्त्रांचे वर्ग केले आहेत, आणि अर्धस्वयंचलित रायफल सामान्य नागरिकाला सहज परवाना मिळेल अशा वर्गात ठेवलेली नाही. सामान्य परवानाधारकाच्या हाती येणारी देशी रायफल म्हणजे सरकारी कारखान्यात बनणारी .३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल. ती बोल्टची आहे आणि मॅगझिनमध्ये पाच गोळ्या बसतात.

हा .३१५ आकडा कुठून आला तेही माहीत असावे. ब्रिटिशांच्या सैन्याची रायफल .३०३ होती. फौजेचा दारूगोळा हिंदी माणसाच्या खासगी बंदुकीत चालू नये म्हणून लष्करी बोअर नागरिकांना बंद ठेवण्यात आले आणि शिकारीच्या बंदुकांसाठी वेगळे बोअर आले. म्हणजे त्या पोलादी नळीच्या व्यासातसुद्धा राज्यकर्त्याची भीती मोजून बसवलेली आहे. १८५७ नंतर लोकांना निःशस्त्र करण्यात आले, आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरवला. युरोपियनांना त्यातून सूट होती. शस्त्र कोणाच्या हाती असावे हे ठरवणारे शस्त्राकडे कधीच नुसती वस्तू म्हणून पाहत नाहीत. आपणही पाहू नये.

हातात बंदूक होती, हुकूम कोणाचा होता?

गावगाड्यात महाराच्या हाती काय होते? घुंगुरकाठी. गावाची राखण त्याने करायची, सीमेचे भांडण त्याने सांगायचे, सरकारी निरोप त्याने पोचवायचा, आणि विटाळ होऊ नये म्हणून काठीच्या घुंगरांचा आवाज करत चालायचे. गावाचे रक्षण करणाऱ्याला गावात माणूस म्हणून जागा नव्हती.

त्याच माणसाने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात बंदूक धरली. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे कॅप्टन स्टाँटनच्या तुकडीने पेशव्यांच्या फौजेला दिवसभर रोखून धरले. त्या स्तंभावर ४९ जणांची नावे आहेत. त्यांतली २२ नावे 'नाक' प्रत्ययाची, म्हणजे महार सैनिकांची आहेत. तुकडीत इतर जातिधर्मांचे शिपाई आणि मद्रासचे तोफचीही होते, हे आपण लपवण्याचे कारण नाही. आपला अभिमान खऱ्या आकड्यावर उभा राहतो. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी त्या स्तंभाला मानवंदना द्यायला गेले ते यासाठीच. ज्यांना तुम्ही जन्माने भित्रे ठरवता त्यांची नावे दगडावर कोरलेली आहेत, हा तो पुरावा होता.

पण कोरेगावची गोष्ट आपण तिथेच थांबवतो. पुढचा भाग कमी सांगितला जातो. त्या सैनिकांच्या हाती असलेली बंदूक त्या काळातली ठासणीची होती. तासलेली चकमक, पुडीतली दारू, गजाने ठासलेली गोळी, मिनिटाला दोन-तीन बार. तेवढ्या बंदुकीने एका माणसाला पगार दिला, पेन्शन दिली, छावणीत राहायला दिले आणि छावणीच्या शाळेत मुलाला अक्षर दिले. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. भीमराव नावाचा मुलगा महूच्या छावणीत जन्मला. लष्करातून आपल्याला मिळालेली सर्वांत मोठी गोष्ट बंदूक नव्हती, ती पाटी होती.

आणि मग काय झाले? १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला लष्कराची जातवार फेररचना झाली. 'लढवय्या जाती' नावाचा सिद्धांत आला आणि त्या यादीत महार नव्हते. ज्या कंपनीसाठी आणि राणीसाठी तीन पिढ्या लढल्या, तिने एका धोरणाने दार बंद केले. कोरेगावचा स्तंभ जागेवरच होता, पण त्याने भरती उघडली नाही. कारण बंदूक आपल्या हातात होती, तिच्यावरचा हुकूम आपल्या हातात नव्हता.

हे पहिल्यांदा ओळखले ते निवृत्त सैनिकांनीच. दापोलीच्या अनार्य दोष परिहारक मंडळीचे गोपाळबाबा वलंगकर स्वतः फौजेतले हवालदार. १८९४ मध्ये त्यांनी भरती पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज लिहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुण्याहून थेट भारतमंत्र्यांपर्यंत अर्ज पोचवला. हे लोक बंदूक चालवलेल्या समाजातले होते, तरीही त्यांनी लेखणी हाती घेतली, आणि ती भीतीने घेतली नव्हती. आपल्याला काय हवे आहे ते त्यांना स्पष्ट दिसत होते. त्यांना एक बंदूक नको होती. बंदूक देण्या-न देण्याचा निर्णय जिथे होतो तिथे त्यांना आपला आवाज हवा होता.

१९१७ मध्ये महायुद्धाची गरज पडली तेव्हा १११ महार ही पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ पर्यंत ती मोडीत निघाली. गरज सरो, वैद्य मरो.

बाबासाहेबांनी हा हिशेब नीट ठेवला होता. १९४१ च्या जुलैमध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर त्यांची नेमणूक झाली आणि तिथे त्यांनी महार पलटणीची मागणी लावून धरली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली आणि बिल्ल्यावर दोन व्हिकर्स मशीनगन आल्या. व्हिकर्स ही पाण्याने थंड होणारी जड तोफगाडीसारखी बंदूक. एकटा माणूस ती चालवू शकत नाही. एक गोळीबार करतो, एक पट्टा भरवतो, बाकीचे पाणी, गोळ्या आणि तिकाटणे वाहतात. याच रेजिमेंटमधून पुढे कृष्णराव आणि सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख आले, आणि मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ च्या श्रीलंकेतील लढाईसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. आज ती सर्व जातिधर्मांची रेजिमेंट आहे.

आता तुलना करा. १८१८ मध्ये आपल्याकडे शौर्य होते आणि निर्णयात जागा नव्हती, म्हणून सत्तर-पंचाहत्तर वर्षांत आपण बाहेर फेकले गेलो. १९४१ मध्ये आपला माणूस निर्णयाच्या टेबलावर होता, म्हणून पलटण आजही उभी आहे.

महाडची काठी

कोणी म्हणेल, लष्कराचे सोडा, आपल्यावर रस्त्यात हल्ला झाला तर? या प्रश्नाचे उत्तरही आपल्याकडे आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर परतणाऱ्या लोकांवर महाडात लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. सभेला आलेल्यांत निवृत्त फौजी होते. चिडलेले लोक बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत होते. तो शब्द त्यांनी दिला नाही. त्यांनी लोकांना आवरले आणि हल्लेखोरांना न्यायालयात खेचले. काहींना शिक्षा झाली. तळ्याच्या हक्काचा दावा दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात आपण जिंकलो.

म्हणून बाबासाहेब बचावाच्या विरोधात होते असे कोणी समजू नये. त्याच काळात समता सैनिक दल उभे राहिले. दलाच्या हातातही काठीच होती, पण तिला घुंगरू नव्हते. कवायत होती, शिस्त होती, सभेला संरक्षण होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्येही त्यांनी अहिंसेचा अर्थ स्पष्ट केला आहे. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक आहे, आणि धम्म इच्छेला नाकारतो. बचाव हा आपला हक्क आहे. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ तो हक्क देतात, आधी दंड संहितेची कलमे ९६ ते १०६ देत होती. प्रश्न हक्काचा नाही. बचाव कशाने होतो, हा प्रश्न आहे.

रमाबाई नगर आणि खैरलांजी

आमच्या विहारापासून रमाबाई आंबेडकर नगर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ११ जुलै १९९७ च्या सकाळी तिथल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक पूर्व द्रुतगती महामार्गावर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि १० माणसे मेली. चार दिवसांनी मुलुंडला लोकशाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. हुकूम देणाऱ्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयात शिक्षा व्हायला २००९ साल उजाडले, आणि त्यानंतर थोड्याच काळात त्याला उच्च न्यायालयातून जामीन मिळाला.

त्या सकाळी वस्तीत कोणाच्या घरी रायफल असती तर काय झाले असते? आम्ही हा प्रश्न त्या मुलाला विचारला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दहाचे शंभर झाले असते." आणि आयोगाचा अहवालही वेगळा आला असता, हे आम्ही पुढे जोडले. 'जमावाकडे शस्त्र होते' एवढ्या एका वाक्यावर त्या दहा मृत्यूंची फाइल बंद झाली असती.

आता खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात सुरेखा भोतमांगे, प्रियंका, सुधीर आणि रोशन यांना जमावाने ठार केले. इथे वादासाठी कोणी म्हणेल की घरात बंदूक असती तर चौघे वाचले असते. कदाचित एखादा जीव वाचला असता, आम्ही ते नाकारत नाही. पण पुढचा विचार करा. २००८ च्या निकालात विशेष न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लावला नाही. चार प्रेते समोर असताना ज्या व्यवस्थेला जात दिसली नाही, तिला सुधीर भोतमांगेच्या हातातल्या बंदुकीत बचाव दिसला असता का? की खून दिसला असता? बचावाचा हक्क कायद्यात सगळ्यांना सारखा आहे. तो न्यायालयात सिद्ध करावा लागतो, आणि सिद्ध करण्याची ताकद सारखी नाही.

अमेरिकेचे उदाहरण आपल्या तरुणांना फार आवडते. १९७२ मध्ये आपल्या पँथरांनी ज्यांचे नाव घेतले त्या ब्लॅक पँथर पक्षाने १९६६ पासून ओकलंडमध्ये उघडपणे बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवली. तिथला कायदा तेव्हा तशी मुभा देत होता. काळ्या हातात बंदूक दिसल्याबरोबर १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदाच बदलला. त्याच पँथरांनी मुलांसाठी चालवलेला सकाळच्या न्याहारीचा कार्यक्रम मात्र लोकांच्या आठवणीत टिकला. आपल्या दलित पँथरने शस्त्राची नक्कल केली नाही. तिचे शस्त्र भाषा होती, आणि ती व्यवस्थेला चांगलीच लागली.

जो नियम कोणी वाचत नाही

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग मामाने मार खातच राहायचे का? नाही. याच जागी आम्हाला आपल्या कार्यकर्त्यांशी भांडायचे आहे.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक नियम १९९५ मधील नियम ३ आपल्यापैकी किती जणांनी वाचला आहे? त्यात राज्य सरकारवर जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. अत्याचारप्रवण भाग निश्चित करायचे. आवश्यक वाटल्यास तिथल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा शस्त्रे जप्त करायची. आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जीवित व मालमत्तेच्या रक्षणासाठी शस्त्र परवाने द्यायचे. होय, हे कायद्याच्या नियमात लिहिलेले आहे.

क्रम पाहा. आधी त्यांची बंदूक काढून घ्यायची, मग गरज असेल तर आपल्याला द्यायची. आपला तरुण दुसऱ्या टोकापासून सुरुवात करतो. मामावर हल्ला करणाऱ्याच्या घरातली बारा बोअर जमा झाली, तर मामाला रायफलची गरज किती उरते?

ज्या कुटुंबाला खरोखर धोका आहे, वस्ती एकाकी आहे, त्याने या नियमाखाली परवाना मागितला तर आम्ही त्याच्या बाजूने उभे राहू. अर्ज कसा करायचा तेही सांगू. शस्त्र कायद्याच्या कलम १४ प्रमाणे अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावर परवाना नाकारता येत नाही. नाकारला तर कारण लेखी नोंदवावे लागते, आणि कलम १८ खाली अपील करता येते. पण त्या कुटुंबाने प्रशिक्षण घ्यावे, कुलूपबंद कपाट ठेवावे, आणि हेही लक्षात ठेवावे की घरातली बंदूक भांडणाच्या रात्री आणि निराशेच्या रात्रीही घरातच असते. समाजकार्यात आम्ही अशा रात्री जवळून पाहिल्या आहेत. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे तीन मुले झोपतात आणि एक माणूस दारू पिऊन येतो, तिथे रायफल कोणाचे रक्षण करणार?

मग प्रशिक्षण कशाचे?

त्या मुलाला रायफल चालवायची आहे, यात काही गैर नाही. कॉलेजात एन.सी.सी. आहे, तिथे .२२ रायफल हातात मिळते आणि शिस्तही. नेमबाजी खेळ म्हणून शिकता येते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवले. त्या प्रकारात प्रत्येक गोळीआधी श्वास रोखून मन स्थिर करावे लागते. आनापानसती शिकणाऱ्याला ते परके वाटू नये. पोलीस भरती आहे, लष्कर आहे. अंधेरी ते मुलुंड आपल्या वस्त्यांतून जितकी मुले-मुली गणवेशात जातील तितका हुकूम देणाऱ्या बाजूला आपला माणूस वाढेल.

आणि जे गणवेशात जाणार नाहीत त्यांच्यासाठीही काम आहे. नियम १७ प्रमाणे जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी. किती झाल्या? नियम ३ खाली किती परवाने रद्द झाले, किती दिले गेले? माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायला दहा रुपये लागतात. २०१६ पासून लागू झालेल्या कलम १५-अ ने पीडित आणि साक्षीदारांना हक्क दिले आहेत. खटल्याच्या कार्यवाहीचे चित्रीकरण हा त्यांतलाच एक. तो मागणारा कार्यकर्ता प्रत्येक तालुक्यात आहे का?

त्या मुलाने परवा दोन अर्ज लिहिले. एक मामाच्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना, नियम ३ खाली काय कारवाई झाली ते विचारणारा. दुसरा वांद्रे पूर्वेच्या मुंबई उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयाला, समितीच्या बैठकांची इतिवृत्ते मागणारा. मामाचा तक्रार अर्जही त्याने फोनवर वाचून घेऊन नीट लिहून दिला. त्यात समोरच्याच्या परवानाधारक बंदुकीचा उल्लेख नव्हता, तो आम्ही घालायला लावला.

माहितीचे उत्तर तीस दिवसांत यायला हवे. नाही आले तर अपील करू. तोवर त्याला एन.सी.सी.च्या निवडीसाठी पळायचे आहे, आणि रोज पहाटे तो पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेने पळतो.

जयभीम. जय संविधान.